पाण्यानं दिलेली ओ

"लोखंड सोडून ती कुठंच जायची नाई, मॅडम. सव्वा महिना जायची नाई," प्रयागबाई म्हणाल्या आणि मुलीच्या पदराची गाठ त्यांनी मुठीत घट्ट धरली.

गाठीत खिळा होता. चांगला तीन इंची. हाताला लागताच मी तो ओळखला, कारण मशीनच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येक बाईचा पदर, अंबाडा, कंबर चाचपून बघणं हे माझंच काम. परभणीला स्टेशन रोडवर एका दवाखान्याला लागून आमचं स्कॅन सेंटर होतं आणि तिथल्या एमआरआय मशीनची मी टेक्निशियन. चौदा वर्षं झाली या गोष्टीला. माणसं माझ्या पाठीमागं मला हेडमास्तरीण म्हणायची, हे मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माझ्या हातचं चित्र हललेलं नसायचं. नांदेडचे डॉक्टरसुद्धा फिल्म बघून सांगायचे की ही परभणीच्या बाईंची दिसतेय.

गाठ ज्या पदराला होती तो शिवकन्येचा. वीस वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. कानाला रुमाल बांधलेला, ओठ सुकलेले, चाकाच्या खुर्चीत एका अंगावर कललेली. तिच्या बाळाचं त्या दिवशी बारसं होतं. चार दिवस डोकं दुखत होतं, घरच्यांनी वारं लागलं म्हणून शेक दिला. आदल्या दिवशी उलट्या झाल्या आणि सकाळी उजव्या हातातून वाटी गळून पडली, तेव्हा बारशाचं सगळं तसंच टाकून, बाळ चुलतीजवळ ठेवून, मायलेकी जीपनं आल्या होत्या. नवरा पुण्याहून रात्रीच्या एसटीनं निघणार होता.

शेजारच्या दवाखान्यातले डॉ. पाथ्रीकर तिला बघत होते. त्यांचा फोन आधीच येऊन गेला होता. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत कधी कधी रक्ताची गुठळी होते, त्यांना तोच संशय होता. "शिरांचं चित्र मला स्वच्छ पाहिजे, सुहासिनीबाई," ते म्हणाले होते. "गुठळी असली तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच लावतो, पोर वाचेल. पण गुठळी नसून नुसताच रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन तिला मारील. हललेल्या चित्रावर मी हे ठरवणार नाही."

म्हणजे पोरीचा जीव माझ्या चित्रावर होता. हे मला कुणी दोनदा सांगायची गरज नव्हती. आणि इथं ही बाई एका खिळ्यासाठी अडून बसली होती.

बाळंतीण आणि लोखंड हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडं बाधा होऊ नये म्हणून उशाशी विळा ठेवतात, बाहेर पडायची वेळ आली तर किल्ली, सुरी, खिळा, काहीतरी जवळ देतात. माझ्या आईनंही माझ्या उशाखाली अडकित्ता ठेवला होता आणि मी बीएस्सी फिजिक्स झालेली असूनही तो काढला नव्हता. त्यामुळे मी ओरडले नाही. मशीन लोखंड ओढून घेतं, खिळा गोळीसारखा सुटेल आणि तिच्याच डोक्यात बसेल, एवढं सांगितलं. प्रयागबाईंना ते पटलं नाही. त्यांनी विचारलं, आत असं काय आहे की जे लोखंडाला भितं?

मला कुणी असं विचारलं की मी विरघळते. सेंटरमध्ये दिवसाला दहा माणसं यायची, त्यांतला एकही हे विचारायचा नाही. सगळे विचारायचे, किती वेळ लागेल. बाहेर बाकावर तीन पेशंट ताटकळत होते, तरी मी प्रयागबाईंना सांगत बसले. अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू, आणि प्रत्येकाचा गाभा म्हणजे स्वतःभोवती फिरणारं एक इवलंसं लोहचुंबक. एरवी त्यांची तोंडं आठवडी बाजारातल्या माणसांसारखी दहा दिशांना असतात. आतलं मोठं चुंबक त्यांना वळण लावतं. सगळे ऐकतात असंही नाही, दहा लाखांत चार-पाच जास्तीचे त्या बाजूला उभे राहतात आणि तेवढ्यांवरच आमचं सगळं चालतं. मग त्यांच्या ठेक्याला नेमकी जुळेल अशी रेडिओची लहर सोडायची. ठेका चुकला तर ते ढुंकूनही बघत नाहीत. जुळला की ते कलतात, आणि लहर थांबली की पुन्हा पहिल्यासारखे उभे राहायला लागतात. त्या सावरण्यात ते तीच लहर परत देतात. डोक्याभोवती बसवलेली जाळी ती ऐकते. मेंदूतलं पाणी एका वेळात सावरतं, चरबीतलं दुसऱ्या, सुजेतलं तिसऱ्याच. त्या फरकाचं काळं-पांढरं चित्र होतं.

प्रयागबाईंनी हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकलं. शाळेची पायरी चढलेली नसावी ती बाई. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमी पाण्याला हाक मारता, आन् पाणी ओ देतं."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. पुढं मी टेक्निशियनच्या कोर्सला शिकवायला लागले, जाड जाड पुस्तकं वाचली, पण यापेक्षा नेमकं वाक्य मला कुठं सापडलेलं नाही. मी म्हणाले, अगदी तसंच. आणि जवळ लोखंड असलं की पाण्याचा ठेका बिघडतो, ते ओ देत नाही, चित्रात तिथं काळं भोक पडतं. मग डॉक्टरांना शीर दिसायची कशी?

गाठ सैल झाली, पण सुटली नाही. तेव्हा मी माझं ठेवणीतलं काढलं. म्हटलं, आत लोखंड नाही असं कोण म्हणतं? आत हजार मणाचं लोखंड आहे, पोर त्याच्या पोटात झोपणार आहे, त्याच्यापुढं तुमच्या खिळ्याची काय मातब्बरी? हे खोटं होतं. आत असते ती अतिथंड ठेवलेल्या तारांची गुंडाळी. पण प्रयागबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी गाठ सोडली, खिळा काढून आपल्या कमरेला खोचला. जोडवी, मंगळसूत्र उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, बाळंतिणीचा हात रिता नसावा, हातात तरी काही द्या.

मी हसून पेशंटच्या हातात द्यायचा रबरी फुगा उचलला. नळीला जोडलेला, लिंबाएवढा. तो दाबला की माझ्या टेबलावर घंटा वाजते. आत कुणाचा जीव घाबरला, काही दुखलं-खुपलं तर मला बोलवायला तो असतो. मी तो शिवकन्येच्या डाव्या तळहातावर ठेवला, तिची बोटं मिटवली आणि म्हणाले, "ही घे तुझी राखण. खिळ्याच्या जागी. बाहेर येईपर्यंत सोडायची नाही."

प्रयागबाई समाधानानं बाहेर जाऊन बसल्या. फुगा कशासाठी असतो हे शिवकन्येला सांगायचं राहून गेलं. माझ्यावर मीच इतकी खूश होते की ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

पहिलं चित्र सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, घंटा वाजली. मी मशीन थांबवलं, आत गेले, तिला अर्धी बाहेर ओढली. ती घामेजली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काई नाई. मशीनची ठोकाठोक सुरू झाली तशी घाबरून तिनं मूठ आवळली होती. बाहेर पेशंट वाढले होते, पाथ्रीकरांचा माणूस एकदा चित्र झालं का विचारून गेला होता. माझ्या आवाजात हेडमास्तरीण आली. "आवळू नकोस," मी म्हणाले. "नुसता धर. दाबायचा नाही. आणि हलायचं तर अजिबात नाही. हललीस की पुन्हा पहिल्यापासून. सारखं सारखं करायला लागलं तर तुझं बाळ तिकडं उपाशी राहील."

ती बरं म्हणाली. बाळाचं नाव काढल्यावर तिनं डोळे मोठे केले, ते मला अजून दिसतात.

पहिलं चित्र हललेलंच आलं. कवटीची रेघ एकाशी एक न जुळता चार-चारदा उमटलेली. हुंदक्यानं डोकं हलत असणार. पाण्याची ओ कुठून आली हे आम्ही तिच्या सुरावरून ठरवतो. चुंबकाचा जोर डोक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुद्दाम थोडा थोडा बदलता ठेवलेला असतो, म्हणून प्रत्येक जागेचा सूर वेगळा. माणूस हललं की एका जागेचा सूर दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो. मी माईकचं बटण दाबून तिला समजावलं. दुसरं चित्र निम्म्यापर्यंत बरं आलं आणि मग एकाएकी बिघडलं. या वेळी मी समजावलं नाही, रागावले. राग खरा होता. या पोरीला वाचवायला आपण धडपडतोय आणि हिला दहा मिनिटं नीट पडता येऊ नये, असं मला वाटलं.

मशीन गप्प झालं की आतला आवाज माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मधे ती काहीतरी बोलली. मी बटण दाबून उत्तर दिलं, "डोळे मिटून घे. आत बघण्यासारखं काही नाही." आणि शिरांचं चित्र लावलं.

ते आठ मिनिटांचं होतं. ती हलली नाही. केसाएवढीही हलली नाही. माझ्या नोकरीत मी असं चित्र पाहिलं नव्हतं. त्या चित्रात वाहतं रक्त पांढरं चमकतं आणि जिथं ते वाहत नाही तिथं काळोख राहतो. डोक्याच्या मधोमध मागं जाणारी मोठी शीर, जी नदीसारखी दिसायला हवी, ती जवळजवळ नव्हतीच. तिच्या बाजूच्या बारीक शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या, एकेक मोजून घ्यावी इतक्या स्पष्ट. शेंबड्या पोरालाही गुठळी दाखवता आली असती. मी खुर्चीत मागं टेकले. माईकवर म्हणाले, "शाब्बास पोरी. अशीच राहा, दोनच राहिली."

ती काही बोलली नाही. हलू नको असं मीच बजावलं होतं. मला तिचं कौतुक वाटलं.

उरलेली दोन्ही तशीच स्वच्छ आली. मधेच पाथ्रीकर स्वतः आले, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी पडदा बघितला. त्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास बाहेर पडलेला मी ऐकला. "बास. गुठळीच आहे," ते म्हणाले. "काय चित्र काढलंय बाई तुम्ही. आणा तिला, इंजेक्शन भरून ठेवायला सांगतो."

मी आत गेले. टेबल बाहेर घेतलं. डोक्यावरची जाळी काढताना म्हटलं, झालं गं, ऊठ. तिचे डोळे मिटलेले होते. मी गालावर थापटी मारली. पापणी उचलून बघितली तर एक बाहुली मोठी झालेली होती, दुसरी बारीक. श्वास चालू होता, पण लांब लांब, मधे खळ पडत. फुगा डाव्या हातात होता. बोटं नुसती त्याच्याभोवती होती, दाबलेली नव्हती.

मग जे होतं ते झालं. धावाधाव, ट्रॉली, नळ्या. मी दारात उभी राहिले. प्रयागबाई ट्रॉलीमागं पळता पळता कमरेचा खिळा काढून मुलीच्या मुठीत घालायला बघत होत्या आणि वॉर्डबॉय त्यांना बाजूला सारत होता. इंजेक्शन लागलं. मेंदूची सूज उतरवायची औषधं लागली. शिवकन्या शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. नवरा ती जायच्या अर्धा तास आधी पोचला होता.

पाथ्रीकर दुपारी माझ्याकडं आले. त्यांना कागद पुरे करायचे होते. आवाजात संशय नव्हता, नुसता थकवा होता.

"आत असताना घंटा वाजली होती?"

"एकदा. सुरुवातीला, घाबरून."

"नंतर?"

"नंतर नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मेंदूवर दाब वाढत गेला असणार, म्हणाले, अशा वेळी पेशंट झोप लागल्यासारखा बुडत जातो, बाहेरून कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं आधी कळलं असतं तर? असं मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. कदाचित वाचली असती, कदाचित नसती. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, ते म्हणाले की चित्रांत तर कुठं काही कमी नव्हतं.

चित्रांत काही कमी नव्हतं हे खरंच होतं. मी ती पुन्हा पुन्हा लावून बघितली. तिसरं चित्र इतकं स्वच्छ का आलं हे मला त्या दुपारी कळलं. पोर माझं ऐकत नव्हती, ती हलू शकेल अशी उरलेलीच नव्हती. आणि पाणी ओ देतच होतं. माणूस शुद्धीत आहे की नाही, त्याला बाळ आहे की नाही, पाण्याला काही माहीत नसतं. ठेका जुळला की ते कलतं, लहर थांबली की सावरतं, आणि ओ देतं. मी इतकी वर्षं तेच ऐकायला शिकले होते. मला स्वतःची किळस आली.

पंधरा दिवसांनी प्रयागबाई आल्या. तेरावं उरकून आल्या होत्या. बाळ बरोबर नव्हतं, त्याला सासरकडच्यांनी नेलं होतं. जावयानं फिल्म मागितली होती म्हणून आल्या असं त्यांनी सांगितलं, पण पाकीट हातात घेऊनही त्या हलेनात. मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. चहाला त्या नको म्हणाल्या. मला वाटलं आता ही बाई हजार मणाच्या लोखंडाचं विचारणार. हातातल्या राखणीचं विचारणार. तसं काही झालं असतं तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते. मी ते मनात जुळवून ठेवलं होतं, रोज जुळवत होते.

त्यांनी वेगळंच विचारलं. "मॅडम, मी तं बाहीर व्हते. तिचा शेवटचा बोल तुमच्याच कानावर पडला आसंल. काई बोलली का हो ती?"

बोलली होती. स्पीकरवर अगदी स्पष्ट आलं होतं, शब्द न् शब्द. ती म्हणाली होती, "मॅडम, मला दिसंना." आणि मी म्हणाले होते, डोळे मिटून घे, आत बघण्यासारखं काही नाही.

मी प्रयागबाईंकडं बघितलं. त्यांनी पदराचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही बोलली नाही. तिला झोप लागली होती."

"झोप?"

"हो. शांत झोपली होती."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण चेहरा सैल झाला. बराच वेळ त्या मान हलवत राहिल्या. "मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "बारा दिस डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. लेकरू निजू देत नव्हतं. म्या म्हणायचे, मिळंल बाई झोप, मिळंल. तुमच्यापाशी तेवढी मिळाली तिला."

त्या उठल्या. माझ्याजवळ आल्या. दोन्ही हात माझ्या तोंडावरून उतरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. एका दमात सगळी मोडली, कडाकड. आपल्या पोटच्या पोरीची दृष्ट काढावी तशी. मी मान खाली घालून उभी राहिले आणि त्यांना ती मोडू दिली.